उणे एक परत आलं, तर?

सांगलीच्या गावभागात माझ्या मामाचा फोटो स्टुडिओ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा स्टुडिओतली लोखंडी ट्रंक पाण्याखाली गेली. त्या ट्रंकेत मामानं शूट केलेल्या लग्नांच्या व्हीसीडी होत्या. पाणी ओसरल्यावर त्यानं त्या धुतल्या, वाळवल्या आणि कापडात गुंडाळून माळ्यावर टाकल्या. गेल्या उन्हाळ्यात एक बाई आपल्या लग्नाची सीडी मागायला आल्या. त्यांच्या घरची प्रत पुरातच गेली होती. मामानं माळ्यावरून गाठोडं काढलं आणि मला फोन केला.

चकती नुसत्या चिखलानं सहसा खराब होत नाही. तिचं नुकसान होतं ते चिखल पुसताना. गाळात बारीक वाळू असते, आणि ओल्या फडक्यानं गोल गोल पुसलं की ट्रॅकच्याच दिशेनं लांब चरा उमटतो. पुसायचं ते नेहमी मधून कडेकडे. मामाच्या बऱ्याच चकत्यांवर गोल चरे होते. व्हीसीडीचं आणखी एक दुखणं आहे. तिच्यावरची व्हिडिओची सेक्टर, म्हणजे माहितीचे ठरावीक मापाचे तुकडे, ‘मोड टू, फॉर्म टू’ पद्धतीची असतात. डेटा सीडीवर दर सेक्टरमागे चुका दुरुस्त करण्याचा जो जादा थर असतो, तो इथे काढून टाकलेला असतो आणि ती जागा चित्रासाठी वापरलेली असते. दर सेक्टरमध्ये २,३२४ बाइट, सेकंदाला ७५ सेक्टर. चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं. म्हणजे सरासरी तीन सेक्टरला एक फ्रेम, आणि एक सेक्टर वाचता आलं नाही तर फ्रेमचा तिसरा हिस्सा धोक्यात.

नेहमीचे प्लेअर अशी सीडी चालवतात, अडखळतात, पुढे जातात. मला मात्र कोणत्या फ्रेमची कोणती ओळ खराब आहे याची यादी हवी होती, म्हणजे मामाला तेवढ्याच ओळी आधीच्या फ्रेममधून घेऊन बुजवता आल्या असत्या. म्हणून इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी लिहिलेला माझा एमपेग-१ चा (व्हीसीडीवरचा व्हिडिओ या पद्धतीनं दाबून साठवतात) डीकोडर, म्हणजे साठवलेले बिट उलगडून चित्र काढणारा प्रोग्राम, मी बाहेर काढला. मदतीला कॉलेजातली एक ज्युनिअर होती. तिला हा विषय शिकायचा होता आणि मला कुणीतरी प्रश्न विचारणारं हवं होतं.

पहिल्या दोन सीडी निघाल्या. तिसऱ्या सीडीला प्रोग्राम थांबला. चूक दाखवून बंद पडला नाही, नुसता थांबून राहिला. पंखा जोरात फिरतोय, पडद्यावर फ्रेमचा आकडा तोच. मामा चहा घेऊन आला तेव्हाही तोच.

“अडकलं व्हय गं?”

“अडकलंय मामा. कुठं ते कळत नाही.”

डीबगर लावल्यावर जागा सापडली. सगळे कोड वाचणारं जे एक फंक्शन होतं, त्याला एक लूप पुन्हा पुन्हा बोलावत होता, आणि ते फंक्शन दर वेळी उणे एक, म्हणजे ‘कोड जुळला नाही’, असं परत देत होतं. मी त्या फंक्शनवर लिहिलेली कमेंट, म्हणजे प्रोग्राममधली माणसांसाठीची टीप, बघितली. कोणता टेबल द्यायचा, एका वेळी किती बिट वाचायचे, किती टप्पे लागतील, हे सगळं नीट लिहिलेलं होतं. चुकीच्या बिटांवर काय होतं याबद्दल एक अक्षरही नव्हतं.

ज्यांचा या भानगडीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं थांबते. व्हिडिओतल्या आकड्यांना समान लांबीचे कोड दिले तर जागा वाया जाते, म्हणून वारंवार येणाऱ्या आकड्याला आखूड कोड आणि क्वचित येणाऱ्याला लांब कोड देतात. आकडा आणि त्याचा कोड यांची यादी म्हणजे टेबल. यांना व्हेरिएबल लेंग्थ कोड, थोडक्यात व्हीएलसी म्हणतात (त्याच नावाच्या प्लेअरशी याचा संबंध नाही). डेव्हिड हफमननं १९५२ मध्ये असे कोड बनवण्याची उत्तम रीत दाखवली. कोडांच्या मधे स्वल्पविराम नसतो. कुठलाच कोड दुसऱ्या कोडाची सुरुवात नसतो, म्हणून वाचणाऱ्याला एक कुठं संपला आणि दुसरा कुठं सुरू झाला हे आपोआप कळतं. पण हे आपोआप कळणं मागचा प्रत्येक बिट बरोबर असेल तरच. एक बिट फिरला तर पुढच्या सगळ्या सीमारेषा सरकतात.

मी आधी सरळ दुरुस्ती करणार होते. लूपमध्ये उणे एकची तपासणी टाकायची, बस. पण ज्युनिअर म्हणाली, “ताई, आधी कमेंट लिहूया का? म्हणजे बाकीच्या ठिकाणी काय तपासायचं ते कळेल.” तिचं ऐकलं हे फार बरं झालं. पुढचे आठ-दहा दिवस जे काही शिकलो ते त्या कमेंटच्या चार ओळी लिहिताना शिकलो.

पहिली ओळ सोपी वाटली. एफएफएमपेग या खुल्या व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये याच कामासाठी असलेल्या फंक्शनवर एक छोटी ओळ आहे, तिचा आशय असा: वाचलेला कोड परत देतो, आणि कोणताच कोड जुळला नाही तर उणे एक. तशीच ओळ मी लिहिली. लगेच ज्युनिअरचा प्रश्न आला, “न जुळल्यावर किती बिट पुढं गेलेले असतात?”

मला माहीत नव्हतं. फंक्शन माझंच, तरी सांगता येईना.

वाचन दोन टप्प्यांत होतं. आधी नऊ बिट डोकावून बघायचे आणि त्यावरून टेबलमधली नोंद काढायची. कोड नऊ बिटांत मावत असेल तर नोंदीत त्याची लांबी असते, तेवढेच बिट खर्ची घालायचे. मावत नसेल तर नोंद दुसऱ्या, लहान टेबलकडे बोट दाखवते. मग नऊ बिट खर्ची घालून उरलेले तिथं बघायचे. ज्या नोंदीला कोडच नाही तिथं किंमत उणे एक आणि लांबी शून्य. आम्ही हातानं बिट लिहून चाचण्या केल्या. ज्या कोडाची चूक पहिल्याच टेबलमध्ये कळते तिथं शून्य बिट सरकले. दुसऱ्या टेबलपर्यंत जाऊन कळते तिथं नऊ सरकले. एकच फंक्शन, एकच उणे एक, आणि वाचक, म्हणजे प्रोग्रामचा बिट वाचणारा भाग, कधी आहे तिथंच, कधी नऊ पावलं पुढं.

यातून अडकण्याचं कोडं सुटलं, आणि ते इतकं नेमकं बसलं की ते सविस्तर सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

एमपेग-१ मध्ये चित्र १६ बाय १६ च्या तुकड्यांत, म्हणजे मॅक्रोब्लॉकमध्ये विभागलेलं असतं. व्हीसीडीच्या ३५२ बाय २८८ चित्रात आडवे २२, उभे १८, एकूण ३९६. काही मॅक्रोब्लॉक मिळून एक स्लाइस; माझ्या सीडींत एक आडवी ओळ म्हणजे एक स्लाइस. प्रत्येक स्लाइस स्टार्ट कोडनं सुरू होतो, आणि स्टार्ट कोडची खूण म्हणजे २३ शून्यं आणि मग एक. बाकी कुठंही इतकी शून्यं सलग येऊ नयेत म्हणून सगळे टेबल मुद्दाम तसे बेतलेले आहेत. चित्रातल्या बारकाव्यांच्या आकड्यांचा जो मोठा टेबल आहे, त्यात बारा शून्यांनी सुरू होणारा कोड नाही. पुढचा मॅक्रोब्लॉक किती अंतरावर आहे हे सांगणाऱ्या टेबलमध्ये आठ शून्यांनी सुरू होणारा कोड नाही.

माझ्या सीडीत चऱ्यामुळे काही बिट गेले. सीमारेषा सरकल्या, आणि डीकोडर एका मॅक्रोब्लॉकच्या शेवटच्या ब्लॉकमध्ये (८ बाय ८ च्या उपतुकड्यात) असतानाच पुढच्या स्टार्ट कोडच्या शून्यांवर येऊन आदळला. मोठ्या टेबलमध्ये नऊ शून्यं बघितली. त्यापुढं लांब कोड आहेत, म्हणून ती नऊ गिळली आणि दुसऱ्या टेबलमध्ये गेला. तिथं जुळणी नाही, उणे एक. ब्लॉक संपल्याचा कोड मी शून्य मानला होता आणि लूपमध्ये ‘शून्य किंवा कमी असेल तर थांब’ असं लिहिलं होतं. उणे एक त्यात बसला. डीकोडरला वाटलं, ब्लॉक व्यवस्थित संपला.

मग मॅक्रोब्लॉक संपल्यावरची तपासणी: पुढं २३ शून्यं आहेत का? असतील तर स्लाइस संपला. ती तपासणी मी केलेली होती, चोख. पण नऊ शून्यं आधीच गिळली गेली होती. २३ उरलीच नाहीत. तपासणी म्हणाली, स्लाइस चालू आहे. डीकोडर पुढच्या मॅक्रोब्लॉकचं अंतर वाचायला गेला. समोर शून्यंच. या टेबलमध्ये नऊ शून्यांची चूक पहिल्याच टप्प्यात कळते. उणे एक, शून्य बिट. आणि या टेबलात ‘स्टफिंग’ नावाचा एक भरतीचा कोड असतो, तो आला तर सोडून देऊन पुन्हा वाचायचं असतं. माझ्या लूपमध्ये अंतराचा आकडा नाही आणि ३३ ची भर घालणारा एस्केप कोडही नाही असं जे काही येईल, ते सगळं स्टफिंग धरलेलं. उणे एकही त्यातच गेला. पुन्हा वाच. तिथंच. पुन्हा वाच.

फंक्शनच्या दोन वेगवेगळ्या तऱ्हा एकमेकींना बरोबर जुळल्या होत्या. फक्त लूपमध्ये तपासणी टाकली असती तर प्रोग्राम अडकला नसता, पण आधीचं उणे एक ‘ब्लॉक संपला’ म्हणून खपतच राहिलं असतं, आणि माझ्या खराब ओळींच्या यादीत ती ओळ धडधाकट म्हणून गेली असती.

आता कमेंटमध्ये लिहायचं काय? मी लिहिलं, ‘न जुळल्यास शून्य किंवा नऊ बिट पुढं जातात.’ खरं होतं, चाचणीनं सिद्ध होतं. ज्युनिअरनं हरकत घेतली. उद्या टेबलची रुंदी नऊवरून आठ केली तर? किंवा कुणी हे वाचून ‘नऊ गेले असतील तर नऊ मागे येतो’ असं प्रोग्राममध्ये लिहिलं तर? त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. फंक्शन आज जे करतं ते सगळं लिहायचं नसतं. ज्यावर दुसऱ्यानं विसंबावं तेवढंच लिहायचं असतं, आणि ज्यावर विसंबू नये तेही स्पष्ट लिहायचं असतं. शेवटी ठरलं: उणे एक आल्यावर वाचकाची जागा भरवशाची नाही, पुढचा स्टार्ट कोड शोधल्याशिवाय काहीही वाचू नये. नऊ आणि शून्याची हकीकत वहीत राहिली, कमेंटमध्ये गेली नाही.

मग प्रश्न आला की तपासणी कुठं कुठं हवी. काही टेबल असे असू शकतात की त्यात चुकीचा कोड येणंच शक्य नाही, बिटांची कोणतीही रांग कुठल्या ना कुठल्या कोडाला लागते. हे ओळखायला सोपा हिशेब आहे. एका बिटाच्या कोडाला अर्धा, दोन बिटांच्या कोडाला पाव, तीनला एक अष्टमांश, अशी बेरीज करायची. ती एक भरली तर टेबल पूर्ण, उणे एक कधीच येणार नाही. एकापेक्षा कमी भरली तर जेवढी तूट तेवढी फट. आम्ही कागद घेऊन एकेक टेबल बेरजेला बसवला. ही दुपार माझ्या फार आवडीची. खाली मामाच्या दुकानात पासपोर्ट फोटोंची गर्दी, वर आम्ही भडंग खात अपूर्णांक जोडतोय.

एकही टेबल पूर्ण निघाला नाही. आय फ्रेममधल्या (दुसऱ्या फ्रेमवर विसंबून नसलेल्या फ्रेममधल्या) मॅक्रोब्लॉकच्या प्रकाराचे कोड दोनच, ‘१’ आणि ‘०१’. अर्धा आणि पाव, तूट पाव. ‘००’ आलं की चूक. उजेडाच्या डीसी आकड्याच्या (ब्लॉकच्या सरासरीच्या आकड्याच्या) टेबलमध्ये तूट १२८ पैकी एक, कारण तिथं सलग सात वेळा एक हा कोड नाही. आणि ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त भिस्त ठेवली होती त्या बारकाव्यांच्या मोठ्या टेबलची तूट ४,०९६ पैकी एक.

या आकड्यानं मला हलवलं. मी समजत होते की डेटा खराब झाला की उणे एक येईल, म्हणजे उणे एक ही खराबीची घंटा. इथं तर अंदाधुंद बिट दिले तरी एकेका कोडामागे घंटा वाजण्याची शक्यता चार हजारात एक. बाकी सगळ्या वेळा चुकीचा, पण वैध कोड निघणार.

ज्युनिअरला पटेना, म्हणून नऊ बिटांचं एक उदाहरण मांडलं. ११००११०१०. याचं वाचन: ‘११’ आणि चिन्हाचा ‘०’, म्हणजे अधिक एक. ‘०११’ आणि ‘०’, म्हणजे एक जागा सोडून अधिक एक. मग ‘१०’, ब्लॉक संपला. आता फक्त पहिला बिट फिरवायचा: ०१००११०१०. ‘०१००’ आणि ‘१’, म्हणजे उणे दोन. ‘१०’, ब्लॉक संपला. आणि उरलेला ‘१०’ पुढच्या ब्लॉकच्या माथी. एकही कोड अवैध नाही. दोन आकड्यांचा एक झाला, चिन्ह फिरलं, पुढच्या ब्लॉकला परके दोन बिट मिळाले, आणि फंक्शननं तक्रार केली नाही. तक्रार करण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतंच.

मग खराबी कळते कशी? बऱ्याचदा दुसऱ्याच वाटेनं. एका ब्लॉकमध्ये ६४ जागा असतात, आणि चुकीचे कोड वाचताना कधीतरी ६४ च्या पुढची जागा निघते. किंवा मॅक्रोब्लॉकचं अंतर ओळीबाहेर जातं. किंवा स्टार्ट कोड नको तिथं सापडतो. उणे एक ही त्या अनेक खुणांतली एक, आणि तीही उशिरा येणारी. म्हणून कमेंटमध्ये तिसरी ओळ आली: उणे एक जिथं आलं ती जागा म्हणजे खराबीची जागा नव्हे, खराबी तिथं किंवा तिच्या आधी कुठंही असू शकते. माझी यादीही त्यानुसार बदलली. आधी मी चूक सापडलेल्या मॅक्रोब्लॉकपासून पुढचं खराब मानत होते. आता त्या स्लाइसच्या सुरुवातीपासून सगळं संशयित धरते.

चौथी ओळ डेटा संपण्याबद्दलची. बफरच्या, म्हणजे वाचायचा डेटा ठेवलेल्या मेमरीच्या, शेवटी आम्ही शून्यांची भरती ठेवतो, म्हणजे वाचताना थोडं पुढं गेलं तरी परक्या मेमरीत हात जात नाही. एफएफएमपेगही बफरनंतर ६४ बाइटांची भरती मागतं. मला वाटायचं, शून्यं लागली की उणे एक येईल आणि डेटा संपल्याचं कळेल. पण डीसीच्या टेबलमध्ये ‘००’ हा चांगला वैध कोड आहे. डीकोडर भरतीतली शून्यं खरी समजून खुशाल वाचत बसतो. म्हणून लिहिलं: डेटा संपला म्हणून उणे एक येईलच असं नाही, किती बिट उरलेत ते स्वतंत्र तपासा.

कमेंट मराठीतच लिहिली. प्रोग्राम आम्हा दोघींचा, वाचणार आम्हीच, आणि मराठीत लिहिताना पळवाट सापडत नाही. ‘भरवशाची नाही’ म्हटलं की नाहीच. ती अशी झाली:

जुळलेला कोड परत देतो. कोणताच कोड न जुळल्यास −१. −१ आल्यावर वाचकाची जागा भरवशाची नाही. पुढचा स्टार्ट कोड शोधूनच पुढे वाचावे. −१ ही खराबीची जागा नव्हे. खराबी आधीची असू शकते, आणि −१ न येताही असू शकते. डेटा संपल्याची तपासणी हे फंक्शन करत नाही. बोलावणाऱ्याने प्रत्येक वेळी −१ तपासावे; या डीकोडरमधला एकही टेबल पूर्ण नाही.

त्यानंतर जिथं जिथं हे फंक्शन बोलावलं होतं ती प्रत्येक जागा आम्ही कमेंट समोर ठेवून तपासली. मोशन व्हेक्टरच्या जागी तपासणीच नव्हती. परत आलेला आकडा थेट ॲरेच्या क्रमांकासाठी वापरला होता. उणे एकवी जागा म्हणजे ॲरेच्या आधीची मेमरी, तिथं जे काही पडलेलं असेल ते हालचालीचं माप म्हणून चित्राला लागलं असतं. ब्लॉकच्या लूपमधलं ‘शून्य किंवा कमी’ दोन वेगळ्या अटींत फोडलं. स्टफिंगच्या लूपला उणे एकसाठी बाहेरची वाट दिली. वाचकाला हातानं मागे नेणारी एक ओळ मी कधीकाळी लिहिली होती, कशासाठी ते आठवेना. ती काढली, आणि चांगल्या सीडी पुन्हा चालवून फरक पडत नाही हे बघितलं.

तिसरी सीडी त्या संध्याकाळी पूर्ण निघाली. त्या बाईंच्याच लग्नाची होती. मंगलाष्टकांच्या वेळी एका फ्रेममध्ये नवरीच्या मुंडावळ्यांच्या उंचीवर मधूनच हिरवा-गुलाबी पट्टा सुरू होऊन उजव्या कडेपर्यंत गेला होता. यादीत ती अख्खी ओळ आली, डावीकडच्या चांगल्या दिसणाऱ्या भागासकट. मामानं मान पुढं करून बघितलं.

“डाव्या बाजूला तर नीट दिसतंय की.”

“दिसतंय नीट. पण चूक नेमकी कुठनं सुरू झाली ते सांगता येत नाही, मामा. म्हणून ओळ सगळीच धरलीय.”

त्यानं आधीची फ्रेम शेजारी लावली आणि डावा भाग दोन्हींत मोठा करून बघत बसला. थोड्या वेळानं म्हणाला, पट्ट्याच्या अलीकडं नवरीच्या बापाच्या फेट्याची घडी एका फ्रेमपुरती वेगळी आहे. ज्युनिअरनं त्या मॅक्रोब्लॉकचे बिट काढले. तिथले कोड सगळे वैध होते, आणि आकडे चुकलेले होते. पट्टा सुरू झाला होता तिथून चार मॅक्रोब्लॉक आधी.

मामानं ओळ अख्खी बदलली. गाठोड्यात अजून सोळा चकत्या आहेत.